वंगणाची निवड आणि संवेदनशील जोडीदार

समागमात वापरलेल्या वंगणाने आग झाली की तिला सरसकट ॲलर्जी म्हटले जाते. पुष्कळदा कारण निराळेच असते. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल अधिक असलेले जलाधारित वंगण योनीच्या श्लेष्मल त्वचेतील पेशींमधून परासरणाने पाणी ओढून घेते. पेशी आकसतात, वरचा थर सुटू लागतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये वंगणाची परासरण-तीव्रता शक्यतो ३८० मिलिऑस्मोल प्रति किलोग्रॅमहून कमी असावी, १२०० ही तूर्त कमाल मर्यादा मानावी, असे सुचविले. योनीसाठी सामू सुमारे ४.५ इष्ट होय. हे आकडे वेष्टनावर क्वचितच आढळतात. 'नैसर्गिक' हा शब्द मात्र ठळक असतो.

सिलिकोनाधारित वंगणात पाणीच नसल्याने परासरणाचा प्रश्न उद्भवत नाही. आपल्याकडे घरोघरी असणारे खोबरेल सौम्य खरे, परंतु तेलाने लॅटेक्सचा निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो. सुगंधी द्रव्ये व नोनॉक्सिनॉल-९ हे शुक्रजंतुनाशक असलेली वंगणे संवेदनशील जोडीदारासाठी टाळावीत. वंगण बदलूनही खाज वा सूज येत राहिल्यास लॅटेक्सचीच ॲलर्जी नाही ना, हे त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. तशी ती असल्यास पॉलियुरेथेनचा निरोध वापरता येतो. त्यासोबत तेलही चालते.