छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही

नेपाळच्या डोंगरातलं घर वरून ओळखायचं तर आधी त्याची सावली शोधावी लागते. छप्पर पत्र्याचं असेल तर ते उन्हात इतकं चमकतं की नुसता उजेडाचा ठिपका दिसतो. दगडी पाट्यांचं असेल तर भोवतालच्या मातीत मिसळून जातं. दोन्ही वेळा उत्तरेकडे पडलेली काळी पट्टी सांगते, की इथे जमिनीपासून उंच असं काहीतरी उभं आहे. मग भिंतीचा पाया कुठे असेल याचा अंदाज घ्यायचा. एका कोपऱ्यावर क्लिक, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर, आणि पहिल्यावर परत येऊन आकृती बंद करायची. कीबोर्डवरचं ‘क्यू’ दाबलं की वाकडे कोपरे काटकोनात येतात. ‘इमारत’ अशी नोंद करायची आणि पुढच्या घराकडे वळायचं.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. नेपाळच्या वेळेनुसार सकाळी ११:५६ ला गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास ९,००० माणसं गेली, सुमारे पाच लाख घरं कोसळली. त्यानंतरचे कित्येक आठवडे जगभरातली हजारो माणसं आपापल्या घरी बसून, बहुतेकांनी कधी पाहिलाही नव्हता अशा त्या मुलखातली घरं, वाटा आणि मोकळी रानं ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या खुल्या नकाशावर आखत होती. मीही त्यांच्यातली एक.

त्या शनिवारी दुपारपासून फोनवर जे येत होतं ते आठवतं. पशुपतिनाथाला गेलेल्या यात्रेकरूंची, ट्रेकला गेलेल्या मुलांची चौकशी करणारे संदेश, ते पुढे ढकलणारे, त्यावर हात जोडणारे. फेसबुकने ‘मी सुखरूप आहे’ असं एका बटणावर कळवायची सोय सुरू केली होती, तिचा मोठा वापर पहिल्यांदा या भूकंपात झाला, आणि तिने अनेक घरांमधला घोर मिटवला. याच गर्दीत एक फोटो फिरत होता: चिमुकल्या बहिणीला कवेत घेऊन बसलेला लहानगा भाऊ, ‘नेपाळमधली भावंडं’ म्हणून. लाखो लोक त्यावर हळहळले, कितीजणांनी त्या मुलांसाठी मदत पाठवायची तयारी दाखवली. तो फोटो व्हिएतनाममधल्या हा जियांग प्रांतातला होता आणि २००७ साली काढलेला होता. हळहळणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांचा कळवळा खरा होता, पण करण्यासारखं काही हाताशी नव्हतं म्हणून तो मिळेल त्या फोटोला जाऊन चिकटला. नकाशाच्या कामाने त्यातल्या काहीजणांच्या हाताला काम दिलं, एवढंच, पण ते साधं नव्हतं.

आपल्याला वाटतं, नकाशा काय, फोनमध्ये असतोच. तो असतो, पण जिथे गिऱ्हाईक आहे तिथे. काठमांडूतली हॉटेलं तेव्हाही सापडत. रसुवा, सिंधुपाल्चोक, दोलखा या जिल्ह्यांच्या वरच्या वस्त्यांवर आलं की पडदा रिकामा होत असे, फार तर एखादी नदी आणि तिच्या काठाने जाणारी एक रेघ. भूकंपाने दरडी कोसळून रस्ते तुटले होते. काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला धावपट्टी एकच. तिथून सामान घेऊन निघालेल्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला आणि पाठीवर तांदूळ घेऊन चढ चढणाऱ्या तुकडीला काय हवं होतं? या खोऱ्यात वस्ती आहे का, ओढ्याच्या या अंगाला की त्या, घरं पाच की पन्नास, वर जायला पायवाट कुठून, आणि उतरायला पुरेसं सपाट रान कुठे.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केला. यात कुणीही भर घालू शकतो, आणि कुणीही सगळी माहिती उतरवून घेऊ शकतो. आपत्तीत महत्त्व आहे ते दुसऱ्या गोष्टीला. जिथे वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलेलं असतं तिथे फोनमध्ये किंवा जीपीएस यंत्रात आधीच भरून नेता येईल, कागदावर छापता येईल असाच नकाशा कामाचा. त्याचा कस पहिल्यांदा लागला तो हैतीत. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा नकाशा जवळजवळ कोरा होता. उपग्रहचित्रांच्या कंपन्यांनी आपली ताजी चित्रं खुली केली आणि काही दिवसांतच दूरदूरच्या स्वयंसेवकांनी शहर गल्लीगल्लीने आखलं. अमेरिकेहून गेलेल्या शोधपथकाने तोच नकाशा आपल्या यंत्रांत भरून घेतला. त्या अनुभवातून त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली.

नेपाळकडे हैतीपेक्षा एक मोठी गोष्ट जास्त होती, ती म्हणजे काठमांडू लिव्हिंग लॅब्ज. नामा बुढाथोकी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही लहानशी संस्था भूकंपाच्या आधीपासूनच काठमांडू खोऱ्यातल्या शाळा, दवाखाने आणि इमारती या नकाशावर आणत होती. ‘एक दिवस मोठा भूकंप येणार’ हे त्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. या संस्थेतल्या मुलामुलींनी ते मनावर घेतलं होतं. भूकंप झाला त्या क्षणी कुठला भाग आधी आखायचा, कुठे हेलिकॉप्टर जाणार, कुठली तुकडी काय मागते आहे, हे सांगणारं कुणीतरी तिथे जागेवर होतं, आणि ते नेपाळी होतं. त्यांनी लोकांच्या हाका एकत्र करणारं एक संकेतस्थळही काढलं. अमुक गावाला ताडपत्र्या नाहीत, तमुक ठिकाणी जखमी अडकलेत, अशी नोंद आली की त्यांचे स्वयंसेवक फोन करून खात्री करायचे आणि मगच ती पुढे द्यायचे. आम्ही दूरवर बसून केलेल्या कामाला जी काही किंमत आली ती यांच्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. मागणारं कुणी नसतं, तर आमची सगळी आखणी म्हणजे चांगल्या मनाने भरलेलं एक रद्दीचं कपाट झालं असतं.

पहिल्या ४८ तासांत दोन हजारांहून अधिक लोक कामाला लागले. इतक्या हातांनी एकाच वेळी एकच डोंगर आखायचा तर गोंधळ ठरलेला. म्हणून अख्खा प्रदेश चौकोनांत वाटून दिलेला असतो. आपण एक चौकोन उचलायचा की तो इतरांसाठी बंद होतो. ठरलेल्या वेळात पुरा झाला नाही तर आपोआप सुटतो. पुरा झाला की तशी खूण करायची, मग दुसरा कुणीतरी अनुभवी माणूस तो तपासतो, आणि त्याच्या पसंतीनंतर चौकोन हिरवा होतो. पुण्यातल्या मे महिन्याच्या उकाड्यात रात्री पंखा पूर्ण वेगात ठेवून मी एकेक चौकोन घेत असे. चौकोनात काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. कधी सगळं जंगल, एका मिनिटात काम संपलं. कधी उतारावर पसरलेली शंभरेक घरं.

घरं सोपी. वाटा अवघड. नेपाळच्या डोंगरउतारावर शेतीचे मजले असतात आणि प्रत्येक मजल्याच्या बांधाची बारीक सावली पडते. चित्रात ती हुबेहूब पायवाटेसारखी दिसते. शेकडो समांतर रेघा, आणि त्यातली एकच खरी वाट. ती ओळखायची कशी? बांध डोंगराची उंची धरून आडवा जातो, वाट त्याला छेदून तिरपी चढते. वाट घराच्या अंगणाला लागते, पाण्याच्या जागेपाशी जाते, ओढ्यावर आली की झुलत्या पुलाची सरळ रेघ होते आणि पलीकडे पुन्हा नागमोडी सुरू होते. झाडीत शिरली की तोंडं जुळवायची: इथे आत गेली, तिथे बाहेर आली, मध्ये अशीच गेली असणार. अशी एखादी वाट वस्तीपासून खाली मोटाररस्त्यापर्यंत अखंड मिळाली की झोप उडत असे. आणि ती मिळाल्यावर शेवटचा बिंदू रस्त्याच्या रेघेला खरोखर जोडायचा. डोळ्यांना चिकटलेलं दिसतं, पण बिंदू जोडलेला नसेल तर मार्ग काढणाऱ्या यंत्राच्या लेखी ती वाट तिथेच तुटते. नवख्यांचं काम तपासताना सगळ्यात जास्त वेळ या सांध्यांवर जायचा.

दुसरी अडचण चित्रांची. तीव्र चढाच्या मुलखात उपग्रहचित्र जमिनीवर नीट बसत नाही, काही मीटरांनी सरकतं. दोन कंपन्यांच्या चित्रांत तेच घर दोन जागी दिसतं. अशा वेळी आधीच कुणी जीपीएस घेऊन चाललेल्या रस्त्याच्या खुणेशी चित्र जुळवून घ्यायचं आणि मगच आखायला सुरुवात करायची. दुसऱ्या कुठल्या खासगी नकाशावरून गावाचं नाव उचलायचं नाही, हा नियम कडक. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे नकाशावर जी नावं आधीपासून होती ती मला सरळ वाचता येत. टोल, खोला, डाँडा लागलेली नावं चार दिवसांत सवयीची झाली. पण वरून कुठल्याच वाडीचं नाव दिसत नाही. ते तिथल्या माणसानेच लिहायचं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते. आम्ही आखत होतो ती बहुतेक चित्रं भूकंपाच्या आधीची होती. म्हणजे मी ज्या घराचे चार कोपरे नेमके बसवत होते ते घर त्या घडीला उभं असेल याची खात्री नव्हती. अनेकांना हे विचित्र वाटायचं. भूकंपानंतरची चित्रं यायला लागल्यावर तर नव्याने आलेली मुलं हमखास विचारायची: हे घर पडलेलं दिसतंय, तशी नोंद करू का? उत्तर ठरलेलं होतं. नाही.

यामागे एक धडा होता. ८ नोव्हेंबर २०१३ ला हैयान वादळाने फिलिपिन्समधलं ताक्लोबान शहर झोडपलं, तेव्हा स्वयंसेवकांनी चित्रं पाहून घराघराला ‘नुकसान’, ‘उद्ध्वस्त’ अशा खुणा केल्या होत्या. नंतर जमिनीवर जाऊन पडताळलं, तर त्या खुणांवर विसंबता येणार नाही इतकी तफावत निघाली. भूकंपात तर हे आणखी फसवं. नेपाळच्या खेड्यातली घरं दगड-मातीची. भिंती बाहेरच्या बाजूला फुटून ढासळतात आणि छप्पर जसंच्या तसं खाली बसतं. वरून पाहावं तर शाबूत छप्पर! शिवाय उभ्या भिंतीला गेलेली तिरकी चीर, जी पाहून शहाणा माणूस त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, ती कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. दूरच्या माणसाने ‘हे घर ठीक आहे’ असं लिहिलं आणि कुणी त्यावर विसंबून मदतीचा क्रम लावला, तर ते घर मागे पडणार. म्हणून आम्ही ‘इथे घर आहे’ किंवा ‘होतं’ एवढंच म्हणायचं. ‘पडलं’ किंवा ‘वाचलं’ हे आमच्या अधिकारात नव्हतं.

हा संयम पाळणं आखणीपेक्षा कठीण होतं, हे मी अनुभवाने सांगते. मन सारखं निकालाकडे धावतं. लांबून पाहणाऱ्याला आपण काहीतरी मोठं सांगावं, पहिल्यांदा सांगावं असं वाटतं, आणि पडदा तशी संधी देतही असतो. खुल्या नकाशाच्या लोकांनी स्वतःला घालून घेतलेली ही मर्यादा मला त्यांच्या वेगापेक्षा मोठी वाटते.

भूकंपानंतरच्या चित्रांतून आखायचं ते वेगळंच असे. मैदानांवर, शाळांच्या पटांगणांत, शेतात एकाएकी उगवलेले निळे-केशरी ताडपत्र्यांचे पुंजके. काठमांडूचं टुंडिखेल मैदान तर तंबूंनी भरून गेलं होतं. या वस्त्यांची कड आखायची, जवळ हेलिकॉप्टर उतरेल असं रान असेल तर तेही. इथे अंदाज बांधायचा नव्हता. ताडपत्री आहे म्हणजे खाली माणसं आहेत. १२ मे ला ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा हादरा दोलखा-सिंधुपाल्चोकच्या बाजूला बसला, आणि जी माणसं भीतभीत घरात परतली होती ती पुन्हा ताडपत्रीखाली आली.

एप्रिलचा पहिला भूकंप शनिवारी झाला. नेपाळमध्ये तो सुटीचा वार, शाळा बंद, आणि दिवसाची वेळ असल्याने गावातली बरीच माणसं शेतात. नाहीतर मृतांचा आकडा किती वाढला असता याची कल्पना करवत नाही. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, सगळे झोपेत असताना, आणि तिथेही घरं दगड-मातीचीच होती.

घर पडलं की वाचलं, हे पुढे ठरलं ते दारात. २०१६ साली नेपाळ सरकारने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत घरोघर पाहणी केली. अभियंते हातात टॅब्लेट घेऊन डोंगर चढले, भिंती आतून-बाहेरून तपासल्या, घरमालकाशी बोलले आणि प्रत्येक घराला एक ते पाच यांपैकी नुकसानीची श्रेणी दिली. त्या पाहणीचं तांत्रिक काम काठमांडू लिव्हिंग लॅब्जच्या लोकांनी सांभाळलं. घर बांधायला हप्त्याहप्त्याने मिळणारं अनुदान, जे वाढून तीन लाख नेपाळी रुपयांपर्यंत गेलं, ते कुणाला द्यायचं हे त्या नोंदींवरून ठरलं.