पक्षाघातानंतर गोळ्यांच्या पिशवीकडेही लक्ष हवे

पक्षाघाताचा रुग्ण मिरज-सांगलीच्या रुग्णालयातून कडेगावला घरी परततो, तेव्हा सोबत व्यायामाचा तक्ता आणि गोळ्यांची पिशवी असते. व्यायामाकडे घरचे लक्ष देतात, पिशवीकडे तेवढे देत नाहीत. मुले गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात आणि घरी वयस्क जोडपे, हे चित्र या भागात नवे नाही. मग गोळ्या रंगावरून ओळखल्या जातात आणि घोटाळा होतो.

एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. रक्तदाबाची जुनी गोळी चालू असताना नव्या चिठ्ठीतली तीच गोळी दुसऱ्या नावाने सुरू झाली, तर रक्तदाब फार उतरतो. अंथरुणावरून उठताना चक्कर येते, रुग्ण पडतो. खुब्याचे हाड मोडले, तर काही महिन्यांची मेहनत वाया जाते. म्हणून पाकिटावर छापलेले औषधाचे मूळ नाव वाचावे.

व्यायामाने अंग दुखले की दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणले जाते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन चालू असताना हे धोक्याचे ठरते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखे काळे झाले, तर थांबू नये. वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी आयएनआर तपासणी चुकवू नये. बहुतेकांत तो 2 ते 3 ठेवतात. मेथी-पालक बंद करण्याची गरज नाही, मात्र खाण्याचे प्रमाण साधारण सारखे असावे.

गिळायला त्रास होतो म्हणून गोळी कुटून देण्याआधी विचारावे. नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’ असलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात भिनते. फिट्सची किंवा स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून अचानक बंद केली, तर झटके येऊ शकतात. इन्सुलिन घेऊन जेवण चुकवले, तर साखर घसरते.

औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सुरू केली. आपल्या घरी त्याची सुरुवात एका कागदाने होते. औषधाचे मूळ नाव, कशासाठी, किती, कधी, हे मराठीत लिहून भिंतीवर लावा. पुढच्या तपासणीला काढे-चूर्णांसह सारी पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा. आणि तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर घरात गोळी शोधत बसू नका. 108 ला फोन करा.