अज्ञान वारस आणि गहाण पडलेले घर

आमच्या बऱ्हाणपुरात घर आणि धंदा यांच्यामध्ये भिंत क्वचितच असते. खाली पॉवरलूम, वर बिऱ्हाड आणि दोहोंवर मिळून एकच गहाणखत, असा प्रकार येथे पुष्कळ. घरचा कर्ता अकस्मात वारला की हप्ते थांबतात, काही महिन्यांत बँकेची नोटीस येते, आणि चुलते, मामा, शेजारी सल्ला देऊ लागतात. घराचा मोठा मालक कोण, हे मात्र कोणी विचारीत नाही. तो मालक बहुधा आमच्या वर्गात पुढच्या बाकावर बसलेला असतो.

हिशेबच मांडून पाहू. मुसलमान कुटुंबात बाप वारला, मागे पत्नी, एक मुलगा व एक मुलगी राहिली. आधी दफनखर्च, मग कर्ज, मग वसियत, आणि उरेल त्याचीच वाटणी, हा क्रम ठरलेला आहे. घर 24 लाखांचे व कर्ज 6 लाखांचे धरले, दुसरे देणे वा वसियत नाही असे मानले, तर 18 लाख उरतात. पत्नीस अष्टमांश म्हणजे सव्वादोन लाख, मुलास साडेदहा, मुलीस सव्वापाच. म्हणजे 18 पैकी पावणेसोळा लाख लेकरांचे! तेच घर लिलावात 15 लाखांस गेले, तर लेकरांचा हिस्सा निम्मा होतो. कर्जाचा आकडा तोच राहतो. तोटा सोसतात ती मुले.

बापाने हयातीत रीतसर लिहून दिलेले गहाण मुलांना बांधते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पण कर्ज फेडून घर सोडविण्याचा बापाचा हक्कही वारसांकडे येतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तो स्पष्ट लिहिला आहे. बापाच्या मृत्यूनंतर कोणी नवीन खत केले, तर गोष्ट अगदी निराळी होते.

येथेच पुष्कळ घरे फसतात. आई मुलांना सांभाळते, म्हणून त्यांच्या वतीने सहीही करू शकते, असा समज आहे. मुसलमानी कायद्यात तसे नाही. 1918 साली इमामबांदी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे नेमका हाच प्रश्न आला. इस्माईल अली खान यांच्या एका विधवेने आपल्याबरोबर आपल्या अज्ञान मुलांचेही हिस्से विकले होते. न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांनी निकाल दिला की, केवळ मुलांचा सांभाळ करणाऱ्या आईला त्यांची स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार नाही. बाप, बापाने नेमलेला वसी, आजा, आजाचा वसी, नाहीतर न्यायालयाने नेमलेला पालक, एवढेच अधिकारी. चुलता कितीही थोर मनाचा असो, तो यांत बसत नाही.

हिंदू कुटुंबांत बापामागे आई नैसर्गिक पालक असते. तरी 1956 च्या कायद्याप्रमाणे मुलाचे घर विकण्यास किंवा गहाण ठेवण्यास तिलाही न्यायालयाची परवानगी लागते. (एकत्र कुटुंबाच्या अविभक्त हिश्श्याचा नियम निराळा.) या विचाराचे मूळ जुने आहे. 1856 च्या हनुमानप्रसाद पांडे खटल्यात, अज्ञान वारसाच्या वतीने एका राणीने ठेवलेल्या गहाणाबद्दल प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, असा अधिकार मर्यादित असून सावकारानेही खरी गरज होती काय याची चौकशी केली पाहिजे.

म्हणून घर विकून कर्ज फेडणे हाच मार्ग उरला असेल, तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा. आधी पालकाची नेमणूक, मग विक्रीची परवानगी. गरज किंवा मुलाचा उघड फायदा दिसल्यावाचून न्यायालय ती देत नाही. यास वेळ लागतो, हे खरे. पण लिलावापेक्षा राजीखुशीच्या विक्रीत भाव बरा येतो, आणि घेणाराही निर्धास्त राहतो.

वेळेचे गणित कडक आहे. 2002 च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक 60 दिवसांची नोटीस देते. लेखी हरकत घेतल्यास 15 दिवसांत उत्तर देणे तिच्यावर बंधनकारक आहे. ताब्याच्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत जबलपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. सर्व देणे भरून घर सोडविण्याची मुदत मात्र लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंतच. 2016 च्या दुरुस्तीने ती आखूड केली. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, हे मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरविले. तेव्हा मृत्यूची खबर बँकेस लेखी द्यावी, अज्ञान वारसांची नावे कळवावी, आणि कर्जाबरोबर विमा उतरविला होता काय हे त्याच पत्रात विचारावे. पुष्कळदा विमा असतो आणि घरच्यांना ठाऊकच नसतो!

सावकाराने दिवाणी दावा केला, तर मुलासाठी न्यायालयाने दाव्यापुरता पालक नेमलाच पाहिजे, आणि त्या पालकाने केलेली तडजोडही न्यायालयाच्या संमतीवाचून मुलाला बांधत नाही.

लिलाव झालाच, तर बँकेचे देणे व खर्च वजा जाता उरलेली रक्कम वारसांची असते. ती मागावी लागते, आणि मुलांचा वाटा मुलांच्याच नावे जमा व्हावा असा अर्ज तेव्हाच करावा. वकिलाच्या फीची धास्ती नको. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया व मुले यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावयाचा.