घडीची करवत घेताना



कोकणात झाडावर चढणारा गडी पाहिलात, तर त्याच्या कमरेला आकडी असते आणि आकडीत कोयता. दोन्ही हात खोडाला, पाय खाचेत, आणि हत्यार पाठीमागे लोंबते. नारळाच्या झावळ्या काढायच्या, राबासाठी ऐनाचे कवळ तोडायचे, तर या कोयत्याला तोड नाही. तिथे करवत नेणारा माणूस हसे करून घेईल. पण तोच कोयता मनगटाएवढ्या आंब्याच्या फांदीवर चालवला म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले आहे. दहा घाव बसतात, त्यांतले चार भलतीकडे. फांदी अर्धी तुटते, आपल्या वजनाने खाली येते आणि येताना खोडाची हातभर साल सोलून नेते. त्या उघड्या जागेत पाणी मुरते, कीड शिरते. आजोबांनी लावलेला हापूस आत कुजत जातो आणि आपण म्हणतो, झाडाचे वय झाले.

अशा कामाला करवत हवी, हे पुष्कळांना पटते. अडचण असते ती नेण्याची. उघडे दाते घेऊन झाडावर चढायचे कसे? म्हणून घडीची करवत. खिशातला चाकू मिटतो तशी हिचे पाते मुठीत मिटते, दाते झाकले जातात, आणि ती खिशात, पिशवीत, एस.टी.च्या प्रवासातसुद्धा बिनघोर नेता येते. आता ती तालुक्याच्या गावी लोखंडी सामानाच्या दुकानात मिळते, मोबाइलवरून मागवली तर घरपोचही येते. अडचण आता निराळीच आहे. दुकानदार पाच तऱ्हा समोर टाकतो, सगळ्या दिसायला सारख्या, किमती मात्र दुप्पट-चौपट. यातली घ्यायची कोणती?

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. तुम्हाला खरोखर घडीचीच हवी का? घरामागच्या परसात, जमिनीवर उभे राहून काम करायचे असेल, तर न मिटणारी, म्यानात राहणारी करवत जास्त भक्कम. जिथे सांधा आहे तिथे कधीतरी ढिलाई येणारच. वर चढायचे असेल, लांब चालायचे असेल, तर मात्र घडीची घ्या.

आता दुकानात चला. पाते उघडा आणि दाते कुणीकडे झुकले आहेत ते पाहा. मुठीकडे झुकले असतील, तर ती ओढताना कापते. टोकाकडे झुकले असतील, तर ढकलताना. हा फरक लहान वाटतो, पण सगळे त्यातच आहे. दोर ओढता येतो, ढकलता येत नाही, हे शाळेतले मूलही सांगेल. पात्याचेही तसेच. ओढताना पाते ताणले जाते, सरळ राहते, म्हणून ते पातळ असले तरी चालते. ढकलताना ते मध्येच वाकू पाहते, म्हणून जाड करावे लागते. जाड पाते म्हणजे रुंद चीर, जास्त भुसा आणि जास्त मेहनत. शिवाय फांदीवर एका हाताने तोल सांभाळत असताना जोराने ढकलणे म्हणजे स्वतःलाच मागे लोटणे. ओढीची करवत माणसाला झाडाकडे खेचते. जपानातले सुतार पिढ्यान्‌पिढ्या ओढीच्याच करवती वापरीत आले आहेत, आणि आपल्याकडेही जुन्या वळणाचा सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून, करवत स्वतःकडे ओढूनच कापतो. तेव्हा ही काही परकी रीत नव्हे.

मग दाते मोजा. इंचाला सहा ते आठ दाते असलेली करवत ओल्या फांदीसाठी बरी. ओल्या लाकडाचा भुसा पिठासारखा झडत नाही, लगद्यासारखा चिकटतो. दाते मोठे असले की दोन दातांमधल्या खोलगट जागेत तो मावतो आणि ओढीबरोबर बाहेर पडतो. बारीक दात्यांत तो अडकून बसतो, मग करवत नुसती घसरते आणि आपण म्हणतो धार गेली. उलट सुका बांबू कापायचा असेल, तर इंचाला दहा किंवा जास्त दाते हवेत. मोठे दाते बांबूच्या पातळ भिंतीत अडकतात आणि चिंधड्या काढतात. दोन्ही कामे असतील, तर जे काम वर्षात जास्त दिवस असते त्याप्रमाणे घ्या. एकीत दोन्ही साधू पाहणारी करवत दोन्ही कामांत मध्यम निघते, असा माझा अनुभव.

पाते डोळ्यांसमोर धरून टोकाकडून पाहिले, तर पुष्कळ करवतींत एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे किंचित वळवलेला दिसेल. त्यामुळे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि पाते आवळले जात नाही. काही करवतींत दाते सरळच असतात, पण पाते पाठीकडे घासून पातळ केलेले असते. काम तेच, कापलेली जागा अधिक गुळगुळीत. मात्र दोन्हींपैकी काहीच नसेल, म्हणजे दाते सरळ आणि पाते सगळीकडे सारखेच जाड, तर ती करवत खाली ठेवा.

आता धारेची गोष्ट, आणि इथे माझे मत दुकानदाराहून वेगळे आहे. आजच्या बहुतेक चांगल्या करवतींचे दाते विजेच्या उष्णतेने क्षणात तापवून फार कठीण केलेले असतात. दात्यांच्या टोकांना निळसर-काळी झाक दिसते ती त्याचीच. हे दाते साध्या दात्यांपेक्षा पुष्कळ दिवस टिकतात, यात शंका नाही. पण ते कानशीला दाद देत नाहीत. कानस वरून नुसती सरकते. म्हणजे धार गेली की पाते बदलायचे. नवे पाते मिळत असेल, तर ठीकच. म्हणून विकत घेतानाच विचारा, ‘याचे सुटे पाते तुमच्याकडे आहे का?’ दुकानदार ‘मागवून देऊ’ म्हणाला, तर समजून जा. जिथे सुटे पाते मिळायची खात्री नाही, तिथे साध्या दात्यांची, तिकोनी कानशीने घरच्या घरी धार लावता येईल अशी करवत घ्यावी, असे मी म्हणेन. ती लवकर बोथट होईल हे खरे. पण दरवर्षी पुन्हा कापू लागेल.

लांबीचा हिशेब सोपा आहे. फांदीची जाडी पात्याच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त नसावी. अठरा ते वीस सेंटिमीटरच्या पात्याला तीन-साडेतीन इंचांची फांदी पुरे. याहून जाड फांदी घेतली, तर ओढ आखूड पडते आणि भुसा चिरेच्या बाहेरच येत नाही. बाहको या मूळच्या स्वीडिश नाममुद्रेची लॅपलँडर नावाची घडीची करवत जगभर जंगलात फिरणाऱ्यांच्या हाती दिसते. तिचे पाते एकोणीस सेंटिमीटरचे आणि दाते इंचाला सात. सिल्की या जपानी करवतींतली गोमबॉय चोवीस सेंटिमीटरची मिळते. या महाग करवती घ्याच असे मी सांगत नाही. पण हातातल्या मालाची तुलना करायला हे माप बरे. सहा इंची फांदीला घडीची करवत नकोच. तिला धनुष्यासारख्या चौकटीची मोठी करवत लागते.

पाते वाकडे की सरळ? डोक्यावरच्या फांदीला वाकडे पाते आपोआप भिडते आणि दाबावे लागत नाही. छातीच्या उंचीवरच्या कामाला, बांबूला आणि नेमके कापायला सरळ पाते चांगले.

हे सगळे जमले, तरी एक गोष्ट राहते, आणि मी ती शेवटी शिकलो. तुम्ही ती सर्वांत आधी तपासा. ती म्हणजे खटका. उघडलेले पाते उघडेच राहावे म्हणून मुठीत जी अडण असते, ती. माझी पहिली घडीची करवत मी जत्रेत घेतली होती. पाते झकास होते. खटक्याच्या जागी एक पातळ पत्र्याची पट्टी होती. फणसाची फांदी कापताना पाते चिरेत आवळले गेले. सोडवण्यासाठी मी मूठ खाली दाबून हिसका दिला, पट्टी सरकली आणि पाते मिटले, माझ्या बोटांवर. चार टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. मी झाडावर फक्त सहा फुटांवर होतो, हे नशीब. आजही थंडीत त्या बोटाचे पेर नीट वळत नाही.

म्हणून दुकानात ही परीक्षा कराच. पाते पूर्ण उघडा. खटका बसल्याचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. मूठ दोन्ही बाजूंनी धरा, बोटे खाचेवर येऊ देऊ नका. पात्याची पाठ, म्हणजे दाते नसलेली कड, लाकडी बाकावर टेकवून आधी हळू, मग जोराने दाबा. खटका जरा जरी सरकला, तर दुसरी पाहा. मग पाते डावी-उजवीकडे हलवून बघा. सांध्यात खुळखुळ असू नये. काही करवतींत खटका नसतोच, नुसता पंखाचा नट आवळायचा असतो. कापताना हादऱ्यांनी तो सैल होत जातो. झाडावर न्यायला ती करवत मी कुणाला सुचवणार नाही. मिटलेल्या अवस्थेतही खटका बसतो का, तेही पाहा. नाहीतर खिशातच उघडायची.

शिक्षक मित्रांना इथे थोडे वेगळे सांगायचे आहे. शाळेच्या रोपवाटिकेत, कुंपणाच्या कामात मुलांच्या हाती हत्यार द्यावे लागते आणि द्यावेही. पण मुलांना घडीची देऊ नका. लहान, न मिटणारी, म्यानाची करवत द्या. एका वेळी एकच मूल कापेल, बाकीची दोन हात दूर. मिटणारे पाते कधी मिटेल याचा अंदाज मोठ्या माणसाला येत नाही, तिथे मुलाला कुठून येणार?

करवत चांगली असली, तरी फांदी एका कापात पाडू नये. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून कापा, जाडीच्या पाव-तृतीयांश. मग त्याच्या थोडे पुढे वरून कापा. फांदी पडेल, आणि साल सोलत आली तरी खालच्या कापापाशी थांबेल. उरलेला खुंट मग निवांतपणे काढा. तो नेमका कुठे कापायचा? फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कड दिसते. ती कड शाबूत ठेवून तिच्या लगत बाहेर कापायचे. पूर्वी खोडाशी अगदी सपाट कापा असे सांगत. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी पुष्कळ खोडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये मांडले की झाड माणसासारखी जखम भरून काढत नाही. ते कुजका भाग आतल्या आत भिंती घालून कोंडते. फांदीच्या तळाची ती कड कापून टाकली, तर झाडाचा हा बंदोबस्तच आपण मोडतो. कोयत्याने ही कड नेमकी राखणे कठीण. बारीक ओढीच्या करवतीने ते सहज जमते.

कापलेल्या जागी आपल्याकडे बोर्डो पेस्ट लावण्याचा सल्ला देतात: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचे. त्यात करवत मात्र बुडवू नका. मोरचूद पोलादाला खातो. रोगट झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाते स्पिरिटने पुसा.

दोन इशारे थोडक्यात. विजेच्या तारेजवळची फांदी स्वतः कापू नका, महावितरणला कळवा. आणि फांद्या छाटणे वेगळे, झाड पाडणे वेगळे. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे आंबा, साग, हिरडा, मोह अशी झाडे आपल्या मालकीची असली, तरी ती तोडायला परवानगी लागते.

राहता राहिली निगा. आंब्याचा आणि फणसाचा चीक पात्यावर वाळू देऊ नका. त्याच दिवशी खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसा, फणसाला हात लावण्याआधी तेल लावतो तसेच. वाळलाच, तर रॉकेलच्या फडक्याने निघतो. कोकणच्या दमट हवेत, विशेषतः आषाढ-श्रावणात, पाते कोरडे करून तेलाचा हात फिरवल्याशिवाय मिटू नका; खाचेत राहिलेला ओला भुसा एका आठवड्यात गंज धरतो. सांध्याचा बोल्ट पावसाळ्यानंतर एकदा आवळा. मुठीला भोक असेल, तर त्यात लाल दोरी ओवून ठेवा. हिरव्या गवतात पडलेली करवत शोधताना माझी एक संध्याकाळ गेली आहे, आणि ती मूठही हिरवीच होती.