'पनवेल आले' आणि 'पनवेल आली'

१६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी बोरीबंदरहून सुटली. त्याच परिसरात पुढे उभारलेल्या स्थानकास १८८७ मध्ये 'व्हिक्टोरिया टर्मिनस', १९९६ मध्ये 'छत्रपती शिवाजी टर्मिनस' हे नाव मिळाले. २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द जोडला गेला. ही नामांतरे शासकीय आज्ञेने झाली. त्याच स्थानकात प्रवाशांच्या बोलण्यातून घडलेले दुसरे एक नामकरण मात्र कोणाच्याही आज्ञेवाचून झाले आहे.

विचुंबे येथील प्रवाशाचे उदाहरण घ्यावे. हार्बर मार्गाने परतताना डब्यात 'पनवेल आले' असे ऐकू येताच त्याने उतरावयाचे असते; मुंबईच्या फलाटावर 'पनवेल आली' असे ऐकू येताच चढावयाचे असते. ग्रामनाम नपुंसकलिंगी, गाडीचे नाव स्त्रीलिंगी. 'कल्याण', 'ठाणे' यांचीही तीच गत.

याचे कारण अध्याहृत 'गाडी' हा शब्द होय. मूळ इंग्रजीत विशेषण असलेला 'लोकल' हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी नाम झाला, तोही याच न्यायाने. 'डोंबिवली'सारख्या मुळातच स्त्रीलिंगी नामांत मात्र हा भेद लोपतो. 'डोंबिवली आली' याचा अर्थ केवळ प्रसंगावरून ठरतो.

तात्पर्य, लिंग सर्वदा शब्दाच्या रूपात वसत नाही; न उच्चारलेला शब्दही क्रियापदावर सत्ता गाजवितो. व्याकरणकाराने लिंगनिर्णय करताना कोशाबरोबर फलाटाकडेही कान द्यावा, हे उचित.