विश्लेषण : सोळा वर्षे अर्धवट उभे स्टेडियम… काम पुन्हा सुरू होऊनही व्हॅलेन्सियाचे चाहते नाराज का?

स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहराच्या वायव्य भागात कॉर्ट्स व्हॅलेन्सियानेस नावाचा रुंद रस्ता आहे. या रस्त्याच्या कडेला काँक्रीटचा एक प्रचंड सांगाडा वर्षानुवर्षे उभा होता. छप्पर नाही, खुर्च्या नाहीत, मैदानाच्या जागी रान माजलेले. व्हॅलेन्सिया फुटबॉल क्लबचे हे नवे स्टेडियम, ‘नोऊ मेस्ताया’. ऑगस्ट २००७ मध्ये काम सुरू झाले, फेब्रुवारी २००९ मध्ये थांबले आणि पुन्हा सुरू होण्यासाठी जानेवारी २०२५ उजाडावे लागले. ज्यांनी कॉलेजात असताना या स्टेडियमचे संकल्पचित्र पाहिले, त्यांची मुले आता शाळेत जातात. पण क्रेन पुन्हा हलू लागल्यावरही शहरात जल्लोष झाला नाही. असे का?

नवे स्टेडियम कशासाठी हवे होते?

व्हॅलेन्सिया हा स्पेनमधील मोठा क्लब. १९१९ मध्ये स्थापना. २००० आणि २००१ अशी सलग दोन वर्षे चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी, २००२ आणि २००४ मध्ये लीगचे विजेतेपद, २००४ मध्येच युएफा चषक. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्या मक्तेदारीला तडा देणारा संघ, अशी त्याची त्या काळात ओळख होती.

याच सुमारास, २००४ मध्ये, क्लबची सूत्रे हुआन सोलेर यांच्याकडे आली. सोलेर बांधकाम व्यवसायातील घराण्याचे. स्पेनमध्ये तेव्हा घरांच्या किमती गगनाला भिडल्या होत्या आणि बँका मागेल त्याला कर्ज देत होत्या. क्लबचे जुने मैदान ‘मेस्ताया’ शहराच्या मोक्याच्या भागात आहे. तेव्हा हिशेब सोपा वाटला. शहराच्या कडेला ७० हजारांहून अधिक क्षमतेचे स्टेडियम बांधायचे, जुन्या मैदानाची जमीन घरबांधणीसाठी विकायची, त्या पैशातून नवे स्टेडियम उभे राहील आणि कर्जही फिटेल. मुंबई-पुण्यातील कुठल्याही पुनर्विकासग्रस्त रहिवाशाला हे गणित वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मग काम थांबले कसे?

जमीन विकली जाण्याआधीच बांधकाम सुरू झाले. बाजारात तुरी… म्हणतात तसला हा प्रकार. २००८ मध्ये स्पेनमधील बांधकामाचा फुगा फुटला आणि जुन्या मेस्तायाच्या जमिनीला गिऱ्हाईक मिळेना. त्याच वर्षी मे महिन्यात नव्या स्टेडियमच्या जागेवर झालेल्या अपघातात चार कामगारांचा जीव गेला. या प्रकल्पाची चर्चा नेहमी कोटींच्या आकड्यांत होते, त्यात या चौघांचा उल्लेख फारसा येत नाही.

२००९ च्या सुरुवातीला क्लबकडे खेळाडूंचे पगार द्यायलाही पैसे उरले नाहीत. कर्ज ४० कोटी युरोंच्या पुढे गेले होते. बांधकाम कंपन्यांची देणी थकली आणि २५ फेब्रुवारी २००९ रोजी काम बंद पडले. काँक्रीटची बैठक बरीचशी तयार झाली होती.

याची किंमत पुढे मैदानावर मोजावी लागली. २०१० मध्ये दाविद व्हिया बार्सिलोनाला आणि दाविद सिल्वा मँचेस्टर सिटीला विकला गेला. २०११ मध्ये हुआन माटा चेल्सीला गेला. व्हिया आणि सिल्वा स्पेनच्या २००८ च्या युरो विजेत्या संघाचे आधारस्तंभ होते. २०१० च्या विश्वचषक विजेत्या संघात तिघेही होते. असे तीन खेळाडू एकाच क्लबकडे असणे हीच दुर्मीळ गोष्ट. ते गेले, कारण बँकेचे हप्ते थांबत नव्हते. ‘स्टेडियम मिळाले नाही आणि संघही गेला’ ही चाहत्यांची तक्रार तेव्हापासूनची आहे.

मधल्या काळात तोडगे निघाले आणि विरलेही. २०११ च्या अखेरीस बँकिया या बँकेशी समझोता झाल्याचे जाहीर झाले. पण पुढच्याच वर्षी ती बँक स्वतःच बुडायला आली आणि सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. प्रादेशिक सरकारने २०१२ मध्ये क्लबच्या भूखंडांसाठी बांधकामाच्या विशेष सवलती मंजूर केल्या. आपल्या भाषेत सांगायचे तर वाढीव एफएसआय. अट एकच, नवे स्टेडियम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायचे. सांगाडा मात्र तसाच राहिला आणि दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, या सवलती हातच्या गेल्या.

सिंगापूरचे मालक कुठून आले?

स्पेनमध्ये १९९० च्या क्रीडा कायद्याने तोट्यातील व्यावसायिक क्लबांना कंपनी होणे भाग पाडले. रेआल माद्रिद, बार्सिलोना, अॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार क्लब आपल्या सभासदांच्याच मालकीचे राहिले. १९९२ मध्ये व्हॅलेन्सियाची कंपनी झाली. तोवर क्लबचा सभासद मतदार होता, त्यानंतर ज्याच्याकडे शेअर त्याच्याकडे निर्णय. सोलेर आले तेही याच वाटेने.

काम थांबल्यानंतर क्लबचे बहुसंख्य शेअर क्लबच्याच प्रतिष्ठानकडे आले, पण तेही कर्ज काढून. कर्ज फिटेना, तेव्हा २०१४ मध्ये हा हिस्सा सिंगापूरचे अब्जाधीश पीटर लिम यांना विकण्यात आला. सुरुवातीला सुमारे ७० टक्के असलेला त्यांचा वाटा पुढे ९० टक्क्यांवर गेला. येथे एक गोष्ट सांगायला हवी. लिम यांचे तेव्हा स्वागतच झाले होते. विक्रीच्या निर्णयाच्या दिवशी मेस्तायाबाहेर जमलेल्या गर्दीने आनंद साजरा केला होता. बँकेच्या दारात पाच वर्षे ताटकळलेल्या क्लबला श्रीमंत मालक मिळाला, याचा तो आनंद होता.

चाहते इतके का बिथरले?

२०१९ हे क्लबचे शताब्दी वर्ष. तोवर नवे स्टेडियम उभे राहील अशी आशा होती, ती फोल ठरली. त्या वर्षी मे महिन्यात संघाने सेव्हियात बार्सिलोनाला २-१ असे हरवून कोपा देल रे जिंकला. त्यानंतर चार महिन्यांत हा चषक जिंकून देणारे प्रशिक्षक मार्सेलिनो यांना हटवण्यात आले. २०२० मध्ये फेरान तोरेस, कर्णधार दानी पारेहो, रॉड्रिगो असे एकामागून एक खेळाडू बाहेर पडले. २०२२-२३ च्या हंगामात तर दुसऱ्या श्रेणीत घसरण्याची टांगती तलवार शेवटच्या दिवसापर्यंत डोक्यावर होती.

चाहत्यांचा रोष त्यांच्या आंदोलनांतून दिसतो. ‘लिम, गो होम’ लिहिलेले पिवळे फलक मेस्तायात नेहमीचे झाले. मे २०२२ मध्ये हंगामातील घरच्या शेवटच्या सामन्याला हजारो चाहते मैदानाबाहेर थांबले. आत रिकाम्या खुर्च्या, बाहेर रस्ताभर घोषणा. काही सामन्यांत चाहते १९ व्या मिनिटापर्यंत बाहेर राहिले, कारण क्लबचा जन्म १९१९ चा. ज्याने वर्षाचे तिकीट आधीच भरले आहे त्याने आत न जाणे, हा सोपा निषेध नव्हे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रकरण थेट सिंगापूरला पोहोचले. तेथे फिरायला गेलेल्या व्हॅलेन्सियाच्या एका नवविवाहित जोडप्याने लिम यांच्या निवासाच्या परिसरात निषेधाचा मजकूर लावून छायाचित्रे काढली. पोलिसांनी चौकशीसाठी त्यांना देश सोडण्यास मनाई केली. काही दिवसांनी त्यांना जाऊ देण्यात आले. तोवर स्पेनमध्ये ती पहिल्या पानाची बातमी झाली होती.

विश्वचषकाचे काय झाले?

१९८२ च्या विश्वचषकात यजमान स्पेनने पहिल्या फेरीतील तिन्ही सामने मेस्तायातच खेळले होते. २०३० चा विश्वचषक स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को मिळून भरवणार आहेत. जुलै २०२४ मध्ये स्पेनने ११ स्टेडियमची यादी दिली, त्यात व्हॅलेन्सिया नव्हते. लोकसंख्येने देशातील तिसरे मोठे शहर, आणि त्याच्याकडे दाखवायला तयार स्टेडियम नाही. हा घाव शहराला फुटबॉलपलीकडेही लागला.

तुलनेसाठी अॅथलेटिक बिल्बाओचे उदाहरण पाहता येईल. त्यांच्या नव्या सान मामेसचे काम २०१० मध्ये, म्हणजे ऐन मंदीच्या काळात सुरू झाले. २०१३ मध्ये त्यात सामने होऊ लागले. बिल्बाओला सरकारी संस्थांनी पैशाचा हातभार लावला होता, हे खरे. पण क्लब सभासदांचा होता आणि जुन्या मैदानाच्या विक्रीवर सगळा डोलारा उभा नव्हता.

आता काम सुरू आहे, मग अडचण कुठे?

२०२४ मध्ये महापालिकेशी नवा समझोता झाला. १० जानेवारी २०२५ रोजी काम पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी गोल्डमन सॅक्सच्या मध्यस्थीने सुमारे ३२ कोटी युरोंची वित्तव्यवस्था उभी राहिली. आराखडा बदलला असून क्षमता ७० हजारांच्या थोडी वर आहे. २०२७ च्या उन्हाळ्यापर्यंत काम संपवून २०२७-२८ चा हंगाम तेथे खेळायचा, असे क्लबचे वेळापत्रक आहे. मार्च २०२५ पासून क्लबचे अध्यक्षपद लिम यांचे पुत्र किआट लिम यांच्याकडे आहे.

चाहत्यांचा प्रश्न वेगळाच आहे. कर्ज पुन्हा क्लबच्याच नावावर आहे. ते फेडायचे तर प्रत्येक सामन्याला मोठे स्टेडियम भरायला हवे आणि संघ युरोपीय स्पर्धांत खेळायला हवा. २०१९-२० नंतर व्हॅलेन्सियाला ती संधी मिळालेली नाही. हप्त्यांसाठी पुन्हा खेळाडू विकावे लागतील, ही भीती २०१० चा उन्हाळा पाहिलेल्यांना अनाठायी वाटत नाही. शिवाय स्टेडियम तयार झालेला क्लब आणि मोकळा झालेला मेस्तायाचा भूखंड यांची किंमत वाढेल, ती मालकाची. त्यामुळे ज्या कामासाठी चाहत्यांनी सोळा वर्षे आरडाओरडा केला, त्याच कामाकडे ते आता संशयाने पाहतात.

जुन्या मेस्तायाचे पुढे काय?

२० मे १९२३ रोजी सुरू झालेले हे मैदान स्पेनमधील सर्वांत जुन्या मैदानांपैकी एक. शेजारून वाहणाऱ्या पाटाचे नाव त्याला पडले. १९५७ च्या महापुरात ते बुडाले आणि पुन्हा उभे राहिले. त्याचे कडे इतके उभे आहेत की वरच्या रांगेतला प्रेक्षकही खेळाडूंच्या अंगावर ओरडतो आहे असे वाटते. पाहुण्या संघांना हे मैदान नको वाटते ते त्यामुळेच.

मधल्या गॅलरीतील १५ व्या रांगेत १६४ क्रमांकाच्या खुर्चीवर एक कांस्य पुतळा बसलेला आहे. वयाच्या पन्नाशीनंतर दृष्टी गेलेल्या एका सभासदाचा. दिसेनासे झाल्यावरही तो मुलासोबत प्रत्येक सामन्याला येत राहिला. मुलगा खेळ सांगायचा, बाप ऐकायचा. त्याच्या मृत्यूनंतर, शताब्दी वर्षात, क्लबने हा पुतळा बसवला.