वळिवड्याची शाळा आणि उसाचा फड

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सैबेरियात हद्दपार केलेली, तेथील थंडीत व उपासमारीत आप्तस्वकीय गमावलेली आणि पुढे इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचलेली जी पोलिश कुटुंबे १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिली, त्यांची संख्या सुमारे पाच हजार होती आणि त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच होती. इतक्या यातना सोसलेल्या बालकांसाठी छावणीने काय केले, याचा शोध घेता प्रामुख्याने एकच गोष्ट आढळते, ती म्हणजे शाळा: त्यांच्या भाषेतली, त्यांच्याच शिक्षकांनी चालवलेली, आणि जोडीला बालवीर पथके व नाटके. ठरावीक वेळी घंटा वाजणे, ओळखीच्या भाषेत हजेरी घेतली जाणे, यांनी विस्कटलेले मन ठिकाणावर येते, हे आज मानसतज्ज्ञ सांगतात. छावणीच्या चालकांना ते व्यवहारातून उमगले असावे.

अशीच घरापासून तुटलेली मुले घेऊन त्याच परिसरात आजही दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा ‘कोयता’ पहाटेच्या अंधारातच फडात उतरतो, आणि झोपडीवजा कोपीत मागे राहिलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाणी भरते, चूल पेटवते. ही मुलगी आळशी नव्हे, की मंदबुद्धीही नव्हे; तरी जवळच्या शाळेत तिला बसवले, की तिची बोली ऐकून वर्ग हसतो, पुस्तकातला धडा तिच्या गावच्या शाळेपेक्षा पुढे वा मागे असतो, आणि चार दिवसांत ती बोलेनाशी होते. शिक्षक तिच्याबद्दल ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मारतात. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो, कारण थकवा, लाज आणि घराची ओढ यांचे चिन्ह तेथे दोष म्हणून नोंदले जाते.

ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी केली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्या भूमीत उपायांची वाण नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या; गावाकडे आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे झाली; शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश दिला आणि शिक्षण हमी पत्रकाने शाळा बदलणे सुलभ केले. मात्र पत्रक जाते, मुलीची ओळख जात नाही. मार्चच्या सुमारास गाळप संपून पट्टा पडतो, टोळी निघते, आणि वार्षिक परीक्षेला ती कोणत्या शाळेच्या बाकावर बसणार, हे बहुधा मुकादमाच्या गाडीच्या वेळेवर ठरते.